जास्तीचे सहा कोंबडे आणि घरात माळकरी मामंजी

पत्र असं आहे. बेळगावला लागून असलेल्या एका गावात राहणाऱ्या ताई लिहितात. गाव आता अर्धं शहर झालंय, पण घरामागं तीन गुंठ्यांचं परडं शिल्लक आहे. मुलीला घरची अंडी मिळावीत म्हणून त्यांनी चार गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला. यंदा एक कोंबडी खुडूक बसली, तिच्याखाली बारा अंडी ठेवली, दहा पिलं निघाली. ती आता पाच महिन्यांची आहेत, आणि त्यांतले सहा कोंबडे आहेत. अंधारातच आरवायला सुरुवात होते. शेजारचा मुलगा उद्यमबागेतल्या कारखान्यात रात्रपाळी करून येतो, त्याची झोप होत नाही, आणि त्याच्या घरचे पंचायतीत तक्रार करायची भाषा करतात. नवरा म्हणतो, रविवारी एकेक कापू. पण सासरे माळकरी, घरात वशाट शिजलं तरी वेगळ्या चुलीवर. सासूबाई म्हणतात, देवळाजवळ सोडून या, देवी बघून घेईल. ओळखीतल्या एकानं त्यातला तांबडा कोंबडा झुंजीसाठी मागितलाय आणि बाजाराच्या दुप्पट पैसे देतो म्हणतोय. मुलीनं सहाही जणांना नावं दिलीत. “व्यापाऱ्याला देऊन टाकले तर निदान आपल्या हातानं काही होणार नाही, असं वाटतं. पण ते ठरवलं की रात्री झोप लागत नाही. मामंजी तर एवढंच म्हणाले, जीव हाईत ते, नीट बघा. मी काय करू?”

ताई,

दहात सहा नर निघाले म्हणून नशिबाला बोल लावू नका. प्रत्येक अंड्यात नर की मादी हे निम्म्या-निम्म्यानं ठरतं. दहा पिलांच्या घोळक्यात सहा किंवा त्याहून जास्त नर निघण्याची शक्यता तीनात एकीहूनही थोडी जास्तच आहे. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, येते, असं सांगणारे आपल्याकडं गल्लोगल्ली भेटतील. त्यात तथ्य नाही. पक्ष्यांमध्ये नर-मादी हे आईच्या बाजूनं ठरतं, अंडं घालण्याआधीच, आणि अंड्याच्या आकारावरून ते कळत नाही. म्हणजे कोंबडी बसवली त्या दिवशीच चार-सहा कोंबडे तुमच्या घरी यायचे ठरले होते. त्यांचं पुढं काय करायचं, तेवढं ठरवायचं राहिलं. ते आता ठरवू.

त्याआधी आज संध्याकाळी एक काम करा. कोंबड्या खुराड्यात बसल्या की एकेक हळूच उचला आणि पाठीवरची पिसं बोटानं उलटी करून बघा. पिसांच्या काड्या मोडून नुसते खुंट राहिलेत का? कातडी लाल, उघडी दिसते का? मानेच्या मागं, तुऱ्याच्या खाली खपल्या आहेत का? आठ माद्यांमागं सात नर म्हणजे एकेका कोंबडीवर दिवसातून कितीदा झडप पडत असेल, त्याचा हिशेब करा. साधारण आठ ते दहा माद्यांना एक कोंबडा पुरतो. तुमचा जुना एकटाच पुरेसा होता. शेजाऱ्याचा आवाज तुम्हाला ऐकू येतो, कोंबड्या तक्रार करत नाहीत, म्हणून पत्रात त्यांच्याबद्दल एक ओळही नाही. पाठी सोललेल्या दिसल्या तर बाकीचा निर्णय होईपर्यंत थांबू नका. सहाही तरुण कोंबडे उद्याच वेगळ्या जाळीत घाला, कोंबड्या नजरेला पडणार नाहीत अशा बाजूला.

हे वेगळं ठेवणं पुढंही उपयोगी पडेल. एकत्र वाढलेले कोंबडे माद्या समोर नसतील तर बऱ्यापैकी गुण्यागोविंदानं राहतात. प्रत्येकाला निदान दहा चौरस फूट मोकळी जागा द्या. खाण्याची भांडी एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी ठेवा, बसायच्या काठ्या वेगवेगळ्या उंचीवर बांधा, आणि हरलेल्याला लपायला एखादं आडवं फळकूट उभं करून ठेवा. कोणाच्या तुऱ्यातून रक्त आलं तर त्याला लगेच बाहेर काढा, कारण रक्त दिसलं की बाकीचे त्याच्यावरच तुटून पडतात. अशी नुसत्या नरांची जाळी कायमची ठेवणारेही लोक आहेत. तुमच्या परड्यात जागा आहे. पण एक कोंबडा दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास दाणा खातो. सहा जणांचे महिन्याला अठरा किलो होतात, आणि हे सहा-सात वर्षं चालू शकतं. परवडत असेल तर हा मार्ग वाईट नाही. फक्त शेजाऱ्याचा प्रश्न त्यानं सुटत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाबद्दल बोलायला हवं. व्यापाऱ्याला दिलं की आपल्या हातून काही झालं नाही, असं तुम्हाला वाटतं, आणि तरी झोप लागत नाही. मला वाटतं, तुमची झोपच बरोबर सांगतेय. व्यापारी सहा कोंबडे नेणार म्हणजे काय होणार ते आपण रस्त्यावर रोज बघतो. पायांना सुतळी, मोटारसायकलच्या हँडलला डोकी खाली, किंवा दाबून भरलेली जाळी, उन्हात बाजार, संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही, आणि शेवटी दुसऱ्या पक्ष्यांच्या समोर सुरी. शेवट तोच, पण मधला दिवस भर घालून. जनावराला असा त्रास होईल अशा रीतीनं नेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानुसार गुन्हाही आहे. आपल्याकडं तो कोणी मनावर घेत नाही, एवढंच. म्हणून कोंबडा कापला जाणार की नाही यापेक्षा तो कोणाच्या हातात आणि कसा जाणार, याची चौकशी तुम्ही आधी करावी असं मी म्हणेन.

तुम्ही आणखी एक गोष्ट धरून चालला आहात, की मामंजी काहीच होऊ देणार नाहीत. पण तुम्हीच लिहिलंय, ते एवढंच म्हणाले की जीव आहेत, नीट बघा. विकू नका असं ते म्हणालेले नाहीत. आपल्या भागात माळ घातलेले किती शेतकरी आयुष्यभर कोंबड्या-बकरी पाळतात आणि विकतात. स्वतः खात नाहीत, एवढाच त्यांचा नेम. त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा: “मामंजी, तुमचं नक्की काय म्हणणं? घरात कापायचं नाही, की विकायचंच नाही, की हाल करायचे नाहीत?” ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं निघतं. दारात रक्त नको एवढंच असेल तर दार बदलता येतं. विकायचंच नाही असं म्हणाले, तर नरांच्या जाळीचा दाणा आणि साफसफाई ते स्वतः बघतील का, हेही त्याच बैठकीत विचारा. वडीलधाऱ्यांच्या मनातलं आपणच ओळखून त्यांच्या वतीनं घाबरायची सुनांना सवय लागलेली असते. इथंही तसंच तर नाही ना, ते बघा.

झुंजीवाल्याला नाही म्हणा, आजच म्हणा. पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधून मारायला किंवा मरायला लावणं, हा काही नीट बघण्याचा प्रकार नव्हे, आणि १९६० च्याच कायद्यानं झुंज लावणं हा गुन्हा आहे. दुप्पट पैसे तो कशाचे देतोय, हे तुम्हालाही माहीत आहे. तोच माणूस “बरं, नुसता पाळायला द्या की” म्हणून पुन्हा येईल, तेव्हाही नाहीच म्हणायचं.

सासूबाईंचा उपाय मायेचा आहे, पण पाळलेल्या कोंबड्याला रानात चार दिवसही काढता येत नाहीत. देवळाजवळ सोडला तर कुत्री, आणि खानापूरच्या बाजूला रानात नेऊन सोडला तर मुंगूस, रानमांजर, बिबट्या. शिवाय तिकडं भीमगड अभयारण्याच्या परिसरात आपला करडा रानकोंबडा आहे. घरच्या कोंबड्याबरोबर राणीखेत, देवीसारखे रोग त्याच्यापर्यंत पोचू शकतात. (जाता जाता: आपल्या घरच्या कोंबड्यांचे पाय पिवळे असतात, तो पिवळेपणा ह्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याकडून आलाय, असं २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. घरचा कोंबडा मूळचा तांबड्या रानकोंबड्याच्या वंशातला, पण पाय आपल्याकडचे.) उपाशी-तहानेला मरेल अशा जागी जनावर सोडून देणं कायद्यातही बसत नाही. आणि देवीला म्हणजे बळी द्यायला असं कोणी सुचवलं, तर देवळाच्या आवारात बळी द्यायला कर्नाटकात १९५९ च्या कायद्यानं बंदी आहे.

मग उरतं काय? दोन चांगले मार्ग, आणि दोन्ही मिळून वापरता येतील.

पहिला, कोंबडा हवा असलेल्या घरी देणं. सगळ्यांना कोंबडे जास्तच होतात असं नाही. खानापूर, जांबोटी, पलीकडं चंदगडच्या वाड्यांवर गावठी कोंबड्या पाळणाऱ्यांचा कोंबडा मुंगसानं किंवा कोल्ह्यानं नेला की त्यांना नवा लागतो, आणि तो दुसऱ्या रक्ताचा असला तर बरंच. पाच महिन्यांचा, अंगानं भरलेला, लसी झालेला गावठी कोंबडा ही मागणीची वस्तू आहे. माहेरच्या, नात्यातल्या, बचत गटातल्या बायकांना फोटो पाठवा. वय लिहा, राणीखेतची लस कधी दिली ते लिहा. पहिल्या आठवड्यातला लासोटा ह्या राणीखेतच्याच लसीचा थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांची टोचणी झाली नसेल तर तेही खरं सांगा आणि आधी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात विचारा. तिथला कागद कन्नडात मिळेल, घेणाऱ्याला समजावून द्या. आणि नेणाऱ्याला एक अट घाला: नवा पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवायचा, मगच त्यांच्या कळपात सोडायचा. अशा रीतीनं दोन किंवा तीन जागी लागतील. सहाही लागतील असं मी सांगणार नाही, कारण प्रत्येक परड्यात निम्मे नरच निघत असतात. घेणारा शेवटी कापणार नाही ना, ह्याचीही हमी मागू नका. कोणी देणार नाही, आणि दिली तरी पाळणार नाही.

नेताना खोक्याला भोकं पाडा, तळाला भुसा घाला, एका खोक्यात एक-दोनच ठेवा, आणि पहाटेच्या गारव्यात न्या. पाय बांधू नका.

विकायचं झालं तर वेळ बघा. आषाढात आणि गावच्या यात्रेच्या आठवड्यात मागणी चढते, श्रावणात आणि नवरात्रात पडते. पडत्या भावात व्यापारी मिळेल त्या किमतीला उचलतो आणि माल म्हणूनच वागवतो. गोव्याकडं गावठी कोंबड्याला चांगला भाव मिळतो म्हणून लांब पाठवायचा मोह होईल, पण तो प्रवास पक्ष्याच्या वाट्याला येतो. ओळखीचं घर, घरगुती गिऱ्हाईक, वजनावर सरळ व्यवहार, हे बरं.

दुसरा मार्ग, कापणं. तुमच्या यजमानांचं म्हणणं मला तरी रानटी वाटत नाही. तुमच्या घरात काहीजण खातात, आणि बाहेरून आणतात ती कोंबडी काही आनंदात जगलेली नसते. आपल्या परड्यात पाच महिने उकरत-खात वाढलेला कोंबडा नीट मारला आणि खाल्ला, तर त्याचे हाल त्या बाहेरच्या कोंबडीपेक्षा कमीच होतात. अट एवढीच, की ते ज्याला येतं त्यानंच करायचं. शिकायची हौस असेल तर यजमानांनी आधी जाणत्याजवळ उभं राहून बघावं. मामंजींची हरकत दाराची असेल तर हे दिराच्या शेतात किंवा मित्राच्या मळ्यात करा, भांडी-चूलही तिथलीच.

कसं, तेही सांगते, कारण ह्याबद्दल आपल्याकडं कोणी बोलत नाही आणि मग अंगणभर पाठलाग होतो. आदल्या संध्याकाळपासून दाणा बंद, पाणी चालू. पहाटे अंधारात, तो काठीवर बसलेला असताना, दोन्ही पंख अंगाशी धरून शांतपणे उचलायचा. अंधारात कोंबडा जवळपास धडपडतच नाही. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, डोकं वर ठेवून न्यायचा, दुसऱ्या पक्ष्यांच्या आणि पोरांच्या नजरेआड. सुरी आदल्या दिवशी लावून ठेवायची. बोथट सुरी हीच सगळ्यात मोठी क्रूरता. जबड्याच्या लगेच खाली, दोन्ही बाजूंच्या शिरा एकाच फटक्यात. हालचाल पूर्ण थांबल्याशिवाय गरम पाण्यात घालायचा नाही, एवढं मात्र घाई असलेल्यांना बजावून सांगा. गेल्या काही आठवड्यांत जंताचं किंवा दुसरं औषध दिलं असेल, तर मांस किती दिवसांनी चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्या. पिसं-आतडी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, नाहीतर गावची कुत्री ती उकरून शेजाऱ्याच्याच दारात आणतील. पाच महिन्यांचा कोंबडा अजून कोवळा असतो. वर्षाचा झाला की त्याला मंद आचेवर तासभर तरी जास्त शिजवावा लागतो.

खच्ची करून घ्या असंही कोणी सुचवेल. कोंबड्याचे वृषण पोटाच्या आत, पाठीला चिकटून असतात. बरगड्यांमधून चिरून काढावे लागतात. परड्यात करायचं ते काम नाही. आणि आरवू नये म्हणून गळ्याला पट्टा बांधायची एक टूम निघाली आहे. ती गळफासच समजा.

शेजाऱ्याकडं या. कोंबडा सूर्य बघून आरवतो असं आपण धरून चालतो, पण जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की त्याच्या शरीरात घड्याळच असतं. कायम मंद उजेडात ठेवला तरी तो ठरल्या वेळी आरवतो. त्याच देशातल्या नंतरच्या एका अभ्यासात दिसलं की कळपातला वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि मग बाकीचे मानानुसार पाठोपाठ. तुमच्या घरी सात असल्यानं एकानं सुरू केलं की माळच लागते. एकावर आलात की आवाज सातवा हिस्सा नव्हे, त्याहूनही कमी वाटेल, कारण त्याला उत्तर देणारं कोणी उरणार नाही. तोवर रात्री त्यांना कमी उंचीच्या खोक्यात ठेवा, मान पूर्ण ताणता येणार नाही इतपत छत, वर गोणपाट. पण बाजूंनी वारा खेळायला हवा, आणि उकाड्याच्या रात्री हे करूच नका. सकाळी सातला सोडा. आवाज मरणार नाही, दबेल. कायद्यानं वस्तीत रात्री दहा ते सहा पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा आहे, पण पंचायतीत मीटर घेऊन कोणी बसलेलं नाही. त्याआधी तुम्हीच त्यांच्याकडं जा. “महिन्याभरात एकच राहील” असं तारखेसकट सांगा, आणि ती पाळा. रात्रपाळी करणाऱ्याचं म्हणणं रास्त आहे.

कोणता ठेवायचा? पुन्हा पिलं काढायची नसतील तर जो माणसाच्या अंगावर येत नाही, दाणा टाकला की आधी कोंबड्यांना बोलावतो, घार दिसली की ओरडतो, तो. बहुधा तुमचा जुनाच. पिलं काढायची असतील तर तो नको, कारण तो नव्या तलंगांचा बाप आहे, आणि हे सहा त्यांचे भाऊ. मग सहांतला एक देऊन दुसऱ्या गावचा एक घ्या. अदलाबदलीनंतर जुन्याची फळलेली अंडी दोन-तीन आठवडे येत राहतात, तेवढे दिवस उबवायला ठेवू नका. आणि एकही न ठेवला तरी अंडी तेवढीच मिळतात. कोंबडा नसलेल्या कळपाच्या अंड्यात जीव धरतच नाही. मामंजींना हे आवर्जून सांगा, कदाचित त्यांचा कौल त्यावरच ठरेल.

मुलीला “मामाच्या गावाला पाठवला” असं सांगू नका. नावं दिलेली पोरं नंतर बरोबर विचारतात, कुठल्या मामाच्या? कोण कोणाच्या घरी गेला, आणि कोणाला कापलं, ते तिच्या वयाला झेपेल अशा शब्दांत खरं सांगा. पण कोणाला ठेवायचं, कोणाला द्यायचं, हे मात्र तिला निवडायला लावू नका. ते मोठ्यांनी ठरवायचं.

राहिला पुढच्या खेपेचा प्रश्न. यावर सरळ सल्ला मिळतो, “तयार तलंगा विकत आणा, नरांचा प्रश्नच नाही.” प्रश्न असतो, फक्त आपल्या परड्यात नसतो. अंड्यांच्या जातींचे नर पिल्लू निघाल्या दिवशीच हॅचरीत मारले जातात. यात्रेत गुलाबी-हिरवी रंगवून पोरांना विकतात, ती बहुतेक त्यातलीच वाचलेली. जर्मनीनं २०२२ पासून अशी पिलं मारायला बंदी घातली. आपल्याकडं तशी बंदी नाही. तरी तुम्हाला अंडीच हवी असतील आणि कापणं घरात जमणार नसेल, तर चार महिन्यांच्या तलंगा घेणं हे व्यवहाराला धरून आहे. गावठी पिलंच काढायची हौस असेल तर बाराऐवजी पाच अंडी ठेवा, आणि बसवायच्या दिवशीच दोन-तीन कोंबडे कोणाकडं जाणार ते बोलून ठेवा. आठव्या आठवड्यात तुरा लाल-जाड दिसू लागला आणि बाराव्याच्या सुमारास शेपटीच्या बुडाशी टोकदार चमकती पिसं आली, की नर ओळखता येतो. आरवायला लागेपर्यंत थांबायची गरज नसते.

आणि कोंबडी पुन्हा खुडूक बसली, पण पिलं नको असली, तर तिला पाण्यात बुडवणं, नाकात पीस घालणं असले प्रकार करू नका. खालून जाळी असलेल्या, वारा-उजेड लागणाऱ्या पिंजऱ्यात दाणा-पाणी देऊन तीन-चार दिवस ठेवा. पोटाला खालून गार वारा लागला की तिची उब उतरते. सोडल्यावर ती परत त्याच कोपऱ्यात जाऊन फुगून बसली, तर आणखी दोन दिवस आत ठेवा, आणि अंडी रोज दुपारीच उचलत जा.